उलटं इंजिन, सुलटा फंडा

'किती सीसीचं इंजिन?' ऑफिसच्या पार्किंगमधला हा लाडका सवाल. बॉस, जरा १९३४च्या फ्रान्सकडे बघा!

तिथल्या दॉइच कप विमान-रेसमध्ये इंजिनाला मर्यादा होती ८ लिटरची. मग रेनोच्या इंजिनिअर मंडळींनी डोकं लढवलं. ६ सिलिंडर एका रांगेत आणि तेही चक्क उलटे टांगलेले! फायदा? क्रँकशाफ्ट वर, विमानाचं नाक सडपातळ आणि पायलटला समोरचं नीट दिसणार. सोबत सुपरचार्जर, म्हणजे सिलिंडरात जास्तीची हवा कोंबणारा पंप. हे इंजिन लावलेल्या कॉद्रों विमानाने ती रेस मारली. १९३६ साली मिशेल देत्रोयाने याच घराण्याचं विमान अमेरिकेत नेलं आणि मोठमोठ्या इंजिनांना मागे टाकत थॉम्पसन ट्रॉफी जिंकली.

पण माझी हिरो एलेन बूशे. ऑगस्ट १९३४मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी तिने कॉद्रों-रेनोवर ताशी ४४५ किलोमीटरचा महिलांचा विक्रम केला. १,००० किलोमीटरच्या विक्रमात तर पुरुषांनाही मागे टाकलं. त्याच ३० नोव्हेंबरला, दुसऱ्या एका कॉद्रोंवर सराव करताना ती गेली. इतक्या छोट्या आयुष्यात केवढा वेग! मला तरी सीसीपेक्षा तीच जास्त आठवते.