कोळंबीच्या जबड्याची टकटक

कोळंबीच्या तळ्याचे पाणी नितळ असून चालत नाही. प्लवकांमुळे ते हिरवट-तपकिरी राहिले तर ऊन तळापर्यंत पोचत नाही, तळाला शेवाळ धरत नाही आणि कोळंबीला आडोसा मिळतो. पण याच गढूळपणामुळे शेतकऱ्याला स्वतःचे पीक दिसत नाही. हेक्टरभर तळ्यात चार-पाच लाख बीज सोडलेले असते. त्यातले जगले किती, भुकेले किती, आजारी किती, हे बांधावरून सांगता येत नाही. कोळंबी संवर्धनात अलीकडे आलेली खरी कामाची उपकरणे हा आंधळेपणा कमी करणारी आहेत.

जुनी सोय म्हणजे चेक ट्रे. जाळी ताणलेल्या ताटात थोडे खाद्य ठेवून ते तळाशी सोडायचे आणि तास-दोन तासांनी वर ओढायचे. खाद्य उरले असेल तर पुढच्या वेळी हात आखडता घ्यायचा. ताटात आलेल्या कोळंबीच्या पाठीतून गडद दोरी दिसते. ते तिचे आतडे. दोरी अखंड असेल तर ती जेवली आहे, तुटक असेल तर काहीतरी बिनसले आहे. अनुभवी माणसाला या ताटावरून पुष्कळ कळते, पण ताट तळ्याच्या एका कोपऱ्याचीच हकीकत सांगते.

खाद्याच्या बाबतीत अंदाज चुकणे फार महागात पडते. संवर्धनाचा निम्मा किंवा त्याहून अधिक खर्च खाद्यावर होतो. कोळंबी माशासारखी घास गिळत नाही. खाद्याची गोळी ती पायांनी उचलते, तोंडाशी धरते आणि सावकाश कुरतडत बसते. तोवर गोळीतली पोषकद्रव्ये पाण्यात विरघळत राहतात. न खाल्लेली गोळी तळाशी कुजते. त्यातून आणि कोळंबीच्या उत्सर्जनातून अमोनिया तयार होतो. खाद्यातल्या नायट्रोजनपैकी जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा कोळंबीच्या अंगी लागतो, उरलेला तळ्यातच राहतो.

या सावकाश कुरतडण्यातच एक उपाय सापडला. प्रत्येक चाव्याला जबड्याची कडक टोके एकमेकांवर आपटतात आणि बारीक ‘टक्’ असा आवाज होतो. एकट्या कोळंबीचा तो आवाज क्षीण असतो, पण हजारो कोळंबी जेवू लागल्या की पाण्याखाली तव्यावर मोहरी तडतडावी तशी तडतड उठते. ती टिपायला पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, सोडतात. पावसाचा आणि पाण्यात हवा मिसळणाऱ्या एरेटरच्या चाकांचा आवाज संगणक वेगळा काढतो आणि जबड्यांची टकटक मोजतो. टकटक वाढली की खाद्ययंत्र आणखी थोडे खाद्य फेकते, मंदावली की थांबते. ऑस्ट्रेलियातील टास्मानियाच्या एक्यूवन कंपनीने अशी यंत्रणा बाजारात आणली आणि लॅटिन अमेरिकेतील मोठ्या शेतांवर ती रुळली. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाच्या चाचण्यांत, हाताने ठरावीक खाद्य दिलेल्या तळ्यांपेक्षा अशा तळ्यांतली कोळंबी अधिक वजनाची भरली. कारण साधे आहे. दिवसातून दोन-चारदा भरपूर देण्याऐवजी भूक असेल तेव्हा थोडे थोडे आणि ताजे खाद्य मिळते. कोळंबी कात टाकते तेव्हा जेवण सोडते, तेही यंत्राला आवाजावरूनच कळते.

न दिसणारी दुसरी गोष्ट म्हणजे प्राणवायू. ३० अंश तापमानाच्या खाऱ्या पाण्यात लिटरमागे साधारण ६ ते ७ मिलिग्रॅम प्राणवायूच विरघळू शकतो. कोळंबीला तो ४ मिलिग्रॅमच्या वर लागतो. दिवसा प्लवके तो तयार करतात, रात्री तीच तो वापरतात, त्यामुळे पहाटे पातळी सर्वांत खाली येते. तळ्यातली कोळंबी एकदम मरते ती बहुधा याच वेळी. जुन्या मीटरमध्ये पातळ पडदा आणि द्रावण असे. ते वरचेवर बदलावे लागे. नव्या प्रकाशीय संवेदकात एका रंगद्रव्यावर निळा प्रकाश पडतो आणि ते लाल चमकते. प्राणवायू जितका अधिक, तितकी चमक लवकर विझते. हा विझण्याचा वेळ मोजून पातळी ठरते, ती मोबाइलवर येते आणि एरेटर गरजेपुरतेच सुरू होतात. विजेचे बिल पाहणाऱ्याला याचे मोल सांगावे लागत नाही. मात्र संवेदकावर बुळबुळीत थर चढतो. तो पुसला नाही तर उपकरण खोटे बोलते.

आजाराचे दुखणे सर्वांत खोल आहे. १९९४-९५ च्या सुमारास भारताच्या किनाऱ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू पसरला आणि टायगर कोळंबीचे पीक झोपले. पुढे २००९ मध्ये व्हॅनामेई या मूळच्या लॅटिन अमेरिकी कोळंबीला सरकारने परवानगी दिली. तिचे आईबाप ठरावीक रोगांपासून मुक्त असलेल्या कळपातले असावेत आणि चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून तपासून यावेत, ही अट घातली. रोगमुक्त म्हणजे रोगाला दाद न देणारी असा अर्थ नव्हे. दूषित पाण्यात तीही मरते. म्हणून बीज सोडण्याआधीची पीसीआर तपासणी, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, इतर कोणत्याही उपकरणापेक्षा मोलाची आहे. बीजात शंभरामागे दोनच पिल्ले बाधित असतील, तर ती ९५ टक्के खात्रीने सापडायला सुमारे १५० पिल्ले तपासावी लागतात. पाच-दहा पिल्लांच्या चाचणीवर मिळालेला निर्वाळा फसवा ठरतो. याच कामाची, पण एकाच तापमानावर चालणारी लॅम्प ही चाचणी २००० मध्ये जपानमध्ये विकसित झाली. तिला महागडे यंत्र लागत नाही, त्यामुळे ती तळ्याच्या काठाजवळ करता येते.

ईएचपी या सूक्ष्म परजीवीवर अजून औषध नाही. तो सहसा कोळंबी मारत नाही, वाढ खुंटवतो. महिने उलटतात, खाद्य संपते आणि माल लहानच राहतो. त्याचे बीजाणू चिवट असतात, वाळल्या चिखलातही टिकतात. बाटलीतून रामबाण विकणाऱ्यांवर पैसे घालवण्यापेक्षा काढणीनंतर तळावर हेक्टरी सहा टन कळीचा चुना टाकावा, तो १०-१२ सेंटिमीटर खोल नांगरून मातीत मिसळावा आणि माती ओली करावी. चुन्याने मातीचा सामू (pH) १२ पर्यंत चढतो आणि बीजाणू निकामी होतात. मग तळे आठवडाभर तसेच ठेवून सामू खाली येऊ द्यायचा, पाणी भरायचे आणि तपासलेले बीज सोडायचे.