धोरण तिसरे आणि इयत्ता तिसरी

गुजरातेत शाळेच्या इयत्तेला 'धोरण' म्हणतात. पहिले धोरण, दुसरे धोरण, तिसरे धोरण. आपल्याकडे धोरण असते ते सरकारचे. ते जाहीर होते, बदलते, प्रसंगी मागेही घेतले जाते. बडोद्याच्या दक्षिणेस मकरपुरा आहे. तिथल्या मराठी घरातले आठ वर्षांचे मूल 'मी तिसऱ्या धोरणात आहे' असे सहज सांगून जाईल आणि बेळगाव-निपाणीच्या आमच्या वाचकाला क्षणभर हसू येईल. पण या हसण्यामागे विचार करण्याजोगे बरेच काही आहे. भाषेच्या सरकारी धोरणावर आपण सीमाभागातील माणसे गेली कित्येक दशके बोलत, लिहीत आणि भांडत आलो. त्या मानाने मूल तिसरीच्या वर्गात बसून प्रत्यक्ष काय करते, याकडे आपले लक्ष कमीच गेले.

तिसरी हे वर्ष मोठे मोलाचे आहे. पहिली-दुसरीत मुलाला पुस्तक वाचायला शिकायचे असते. तिसरीत पुस्तकातून शिकायचे असते. बाराखडी मागे पडलेली असते आणि जोडाक्षरे अंगवळणी पडू लागतात. परिच्छेद वाचून खालच्या प्रश्नांची उत्तरे आपल्या शब्दांत लिहायची असतात. गणितात हातच्याची बेरीज पक्की होते, गुणाकार-भागाकार येतात, घड्याळ आणि नाणी-नोटा येतात. परिसर अभ्यास हा विषयही बहुतेक ठिकाणी याच वर्षी स्वतंत्रपणे सुरू होतो. पाणी कोठून येते, पक्षी घरटे कशाचे बांधतो, उगवतीकडे तोंड केले तर उत्तर कोणत्या हाताला, हे सारे मूल आता छापील ओळीतून समजून घेते. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानाने २०२१ साली तिसरीचा शेवट हीच सीमारेषा धरली. त्या वर्षअखेरीस मुलाने मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या ओळखाव्यात, अशी अपेक्षा त्यात आहे. ज्या भाषेत मूल हा उंबरठा ओलांडते, ती त्याची विचाराची भाषा होते. जी भाषा उंबरठ्याबाहेर राहते, ती घरात बोलली जाते खरी, पण वाचली जात नाही.

मकरपुऱ्याचा वारसा

मकरपुऱ्याचे नाव जुन्या बडोदेकरांना तिथल्या राजवाड्यामुळे ठाऊक असते. खंडेराव महाराजांनी १८७० साली तो बांधला. पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात त्याचा विस्तार झाला. आज तेथे वायुदलाची प्रशिक्षण संस्था आहे आणि परिसरात मोठी औद्योगिक वसाहत वसली आहे. बडोद्याच्या मराठीपणाचेही असे दोन थर आहेत. एक गायकवाडी अमलातला, दांडिया बाजारासारख्या जुन्या पेठांतला. दुसरा नंतर नोकरी-धंद्यासाठी आलेल्या कुटुंबांचा. २०११ च्या जनगणनेत गुजरातमध्ये मराठी मातृभाषा सांगणारे नऊ लाखांच्या आसपास होते. हा आकडा लहान नव्हे.

प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासात तर बडोद्याचे स्थान पहिल्या रांगेत आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी कुटुंबातला गोपाळराव १८७५ साली दत्तक येऊन गादीवर बसला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. आजचे मूल ज्या वयात सहावी-सातवीत असते, त्या वयात या मुलाने अक्षरे गिरवायला घेतली. मराठीबरोबर गुजराती आली, इंग्रजी आली, उर्दूही आली. अक्षर उशिरा हाती आल्याची किंमत ज्याला स्वतः मोजावी लागली, त्या सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला. नामदार गोखल्यांनी १९११ साली कायदे कौन्सिलात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्यासमोर बडोद्याचे उदाहरण होते.

महाराज मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती. तरी दरबाराची मराठी प्रजेच्या मुलांवर लादली गेली नाही. प्रजेची मुले गुजरातीत शिकली आणि मराठी मुलांसाठी मराठी शाळा राहिल्या. १९३१ साली निघालेल्या 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु' या कोशात तर राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी बसवले आहेत. बळजबरी केल्याशिवाय राज्य चालत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा कोश एकदा चाळावा.

दोन शेजारणी

मराठी घरातले मूल गुजराती शाळेत गेले म्हणजे त्याचे नुकसानच होते, असे आम्ही म्हणणार नाही. या दोन भाषा शेजारणी आहेत. दोघींत तीन लिंगे आहेत, दोघींत 'ळ' आहे, दोघींची बाराखडी एकाच साच्याची. गुजराती अक्षरांना शिरोरेषा नाही. ग, म, न, प ही अक्षरे रेघ पुसली की बहुतेक ओळखू येतात. क, च, ज, फ, ब मात्र नव्याने गिरवावी लागतात.

पाढ्यांची तर गंमतच आहे. मराठी मूल घरी 'दोन' म्हणते आणि पाढा म्हणताना 'बे एके बे' म्हणते. हे 'बे' काय, असा प्रश्न साताऱ्याच्या मुलाला पडेल. मकरपुऱ्याच्या मुलाला पडणार नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार रोज 'बे रुपिया' म्हणतच असतो. मराठीने पाढ्यात जपून ठेवलेला शब्द गुजरातीत रोजच्या वापरात आहे.

पण शेजारणींची घरे वेगळीच. आपला 'हातचा' तिथे 'वद्दी' होतो. आपले पंचेचाळीस तिथे 'पिस्तालीस' असतात. आपण 'चूक की बरोबर' विचारतो, तिथे 'खरुं के खोटुं' विचारतात. मराठी मुलाच्या कानाला 'खोटे' म्हणजे लबाडीचे वाटते, आणि मी खोटे कधी बोललो, असे त्याला वाटले तर नवल नाही. गुरुजी 'नवरो बेठो छे?' म्हणाले तर त्याचा अर्थ 'रिकामा बसला आहेस का?' असा असतो. घरी आईला हे सांगितले की आई पदर तोंडाला लावून हसते. मोठ्यांना ही करमणूक आहे. आठ वर्षांच्या मुलाला मात्र एकच बेरीज शाळेत एका भाषेत आणि घरी आजोबांजवळ दुसऱ्या भाषेत करावी लागते. जाणत्या माणसाने दोन्ही शब्द जोडून दाखवले तर ते मूल दोन भाषांचे धनी होते. कोणीच दाखवले नाहीत तर ते दोन्हीकडे चाचरते, आणि 'हुशार नाही' असा शिक्का विनाकारण त्याच्या कपाळी बसतो.

कायदे पुष्कळ, तास किती?

कायद्यांची वाण नाही. राज्यघटनेचे कलम ३५०-अ १९५६ साली आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी राज्यांनी कराव्यात, असे ते सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तितके मातृभाषेचे माध्यम असावे, असे म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पाचवीपर्यंत घरच्या भाषेवर भर आहे. दुसऱ्या बाजूने प्रत्येक राज्याने आपापली भाषा सक्तीची केली. कर्नाटकने २०१५ साली, महाराष्ट्राने २०२० साली, गुजरातने २०२३ साली. गुजरातच्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती हा विषय सर्व शाळांना बंधनकारक आहे. महाराष्ट्रात तर १६ एप्रिल २०२५ रोजी पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आणण्याचा निर्णय निघाला आणि विरोधानंतर २९ जूनला तो बासनात गेला.

राज्याची भाषा तिथे राहणाऱ्या मुलाला आलीच पाहिजे. मकरपुऱ्यात गुजराती, बेळगावात कन्नड, मुंबईत मराठी. त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. या सगळ्या कायद्यांखाली बसलेल्या तिसरीतल्या मुलाच्या वाट्याला आठवड्यातून किती वेळ घरच्या भाषेचे छापील पान येते? गुजरात राज्य मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके काढते. पण पुस्तक असणे वेगळे, त्यासाठी शाळा आणि शिक्षक असणे वेगळे, आणि आईबापांनी मुलाला तिथे घालणे आणखी वेगळे. माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली कर्नाटकच्याच प्रकरणात स्पष्ट केले. तेव्हा शाळा रिकामी पडली तर सगळे खापर सरकारच्या माथी फोडून चालणार नाही.

बडोद्याने मराठीला काय दिले याची यादी मोठी आहे. माधव जूलियन यांचा जन्म १८९४ साली बडोद्यातच झाला. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार साहित्य संमेलने या शहराने भरवली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा तिथल्या मराठी माणसालाही आपल्याइतकाच आनंद झाला असेल. पण संमेलनाच्या मंडपात बसणारा वाचक आकाशातून पडत नाही. तो कधीतरी तिसरीत असतो, आणि त्या वर्षी त्याच्या हाती मराठी पुस्तक आले नसेल तर पुढच्या संमेलनाला तो मुख्य दाराशी पाहुण्यांच्या गाड्या लावून देण्यापुरताच येईल.

यातून सीमाभागाने काय घ्यावे? जिथे मराठी शाळा उभी आहे, तिथे तिसरीच्या वर्गाला आपला उत्तम शिक्षक मिळेल असे पाहावे. जिथे मूल कन्नड वा इंग्रजी शाळेत आहे, तिथे घरी रोज अर्धा तास मराठी पान मोठ्याने वाचून घ्यावे. वाण्याची यादी त्याच्याकडून मराठीत लिहून घ्यावी, आजीला पत्र घालायला लावावे, पाढे दोन्ही भाषांत म्हणून घ्यावेत. याला मोर्चा लागत नाही की मंत्र्याची सही. आणि जे आपण आपल्या मुलांसाठी मागतो, तेच जत-अक्कलकोटच्या कन्नड मुलाला आणि मुंबईच्या गुजराती मुलाला मिळावे, असेही तितक्याच मोकळेपणाने म्हणावे. त्याशिवाय आपल्या मागणीला वजन येणार नाही.

सरकारी धोरण चुकले तर ते पुढल्या अधिवेशनात दुरुस्त करता येते. मुलाची तिसरी मात्र एकदाच येते.