ड्रॉइंग मिळतं, मग इंजिन का होत नाही?

नंजनगूडहून मी पुन्हा तुमच्यासमोर. मागच्या भागात आपण लष्कराच्या जोंगा गाडीबद्दल बोललो. जोंगा मूळची निसानची, जबलपूरला बनत असे. तो भाग पाहून शेजारच्या एका मुलानं मला गाठलं. तो नुकताच डिप्लोमा झालाय. म्हणाला, "सर, जपान्यांनी ड्रॉइंग दिलं, मशीनं दिली. मग आपण त्यांच्यासारखंच का नाही बनवलं?"

प्रश्न सरळ आहे, उत्तर तेवढं सरळ नाही. आज तेच बोलू. त्यासाठी आधी तुम्हाला जपानमधल्या कोबे बंदरावर घेऊन जातो. मग महाराष्ट्रातून फिरून पुन्हा इथे, आमच्या म्हैसूर-नंजनगूड रस्त्यावर येऊ.

कोबेला मी आणि बायको पर्यटक म्हणून गेलो होतो. बंदराकाठी मेरिकेन पार्क नावाची मोकळी जागा आहे. तिथल्या सागरी संग्रहालयात कावासाकी कंपनीचं स्वतंत्र दालन आहे. आत शिरलात की १९६४ साली धावू लागलेल्या पहिल्या बुलेट ट्रेनचा खराखुरा डबा, एक मोठं हेलिकॉप्टर आणि रांगेत उभ्या मोटरसायकली, सगळं एका छपराखाली. बाहेर आलं की पाण्यापलीकडे त्याच कंपनीची गोदी दिसते. आमच्या नशिबानं त्या दिवशी गोदीत काळीभोर पाणबुडी उभी होती. बायको म्हणाली, "अहो, पाणबुडीवालेच मोटरसायकल करतात?"

करतात. उलट आधी जहाज, मग आगगाडी, मग विमान आणि शेवटी मोटरसायकल, असा तो क्रम आहे. शोझो कावासाकी या गृहस्थांनी १८७८ मध्ये टोकियोला गोदी काढली. १८९६ मध्ये कोबेला कंपनी स्थापन झाली. 'कावा' म्हणजे नदी. जपानी लिपीत नदी तीन उभ्या रेघांनी लिहितात आणि तेच त्यांचं जुनं बोधचिन्ह. आजच्या त्यांच्या सर्वात महागड्या मोटरसायकलींवरही ते दिसतं.

आता मुद्द्याकडे या. कोबेच्या पश्चिमेला आकाशी नावाचं शहर आहे. आपल्या कानाला तो रंग वाटतो, पण तिथे कावासाकीच्या मोटरसायकली बनतात. हा कारखाना १९४० मध्ये विमानाच्या इंजिनांसाठी उभारला गेला. युद्धकाळात कावासाकीचं 'हिएन' नावाचं लढाऊ विमान होतं. त्याचं इंजिन मूळ जर्मन, डेमलर-बेंझचं. जपान्यांनी त्याचा रीतसर परवाना घेतला होता, म्हणजे ड्रॉइंग त्यांच्या हातात होतं.

तरीही इंजिन जमेना. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगच्या तक्रारी संपेनात. याच इंजिनाची जास्त ताकदीची आवृत्ती काढली, तीही वेळेवर बाहेर पडेना. त्यात जानेवारी १९४५ मध्ये आकाशीच्या कारखान्यावर बॉम्बहल्ला झाला. अडीचशेहून जास्त विमानांचे सांगाडे तयार, आणि बसवायला इंजिन नाही! शेवटी दुसऱ्या कंपनीचं, वेगळ्या जातीचं, मित्सुबिशीचं इंजिन त्यावर चढवावं लागलं.

म्हणून त्या मुलाला मी म्हटलं, "बाळा, जपानी जन्मतः हुशार असतात हे डोक्यातून काढ. त्यांच्याकडेही ड्रॉइंग होतं आणि इंजिन नव्हतं."

का नव्हतं? क्रँकशाफ्टचं ड्रॉइंग पाहिलं तर त्यावर मापं असतात. पण पोलाद कुठल्या जातीचं घ्यायचं, किती तापवायचं, पाणी कधी द्यायचं, घासताना कुठल्या आवाजाला थांबायचं, हे सगळं त्यावर मावत नाही. मापातला केसाच्या जाडीएवढा फरक उभ्या माणसाला दिसत नाही, पण मिनिटाला काही हजार फेरे घेणाऱ्या लोखंडाला तो बरोबर कळतो. ही माहिती कामगाराच्या हातात असते. युद्धात अनुभवी हात सैन्यात गेले, चांगलं पोलाद मिळेना, आणि वरून आकडा पुरा करण्याची घाई. आकडा पुरा करायचा म्हणून माल पुढे सरकतो. मालात खोट आहे, हे सांगायची सोय मात्र उरत नाही.

१९४५ नंतर जपानला विमान बनवायला बंदी झाली. इंजिनं बनवणारी माणसं आणि मशीनं रिकामी झाली. त्यांनी मोटरसायकलींसाठी छोटी इंजिनं बनवून इतरांना विकायला सुरुवात केली. पुढे १९६२ मध्ये १२५ सीसीची, पूर्णपणे त्यांची स्वतःची मोटरसायकल आली. तिचं नाव बी-८. विमानाच्या इंजिनानं शिकवलेलं सगळं त्यांनी दुचाकीत ओतलं. तो धागा अजून तुटलेला नाही. त्यांच्या निन्जा एच-२ या मोटरसायकलीचा सुपरचार्जर गॅस टर्बाइन आणि विमान विभागातल्या माणसांना बरोबर घेऊन घरातच तयार झाला.

बदल झाला तो शिकण्याच्या रीतीत. १९५० मध्ये एडवर्ड्स डेमिंग नावाचे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जपानला गेले. साध्या भाषेत त्यांचं म्हणणं असं: शेवटी तपासणी करून खराब माल बाजूला काढू नका. खराब माल जिथे तयार होतो तिथे जा. आणि माणसाच्या मनातली भीती काढा, कारण घाबरलेला माणूस खरं सांगत नाही. १९५१ पासून जपानमध्ये त्यांच्या नावानं पारितोषिक सुरू झालं. टोयोटानं तर चूक दिसताच कुठल्याही कामगारानं अख्खी लाइन थांबवावी, असा नियमच केला. कावासाकीनंही ही पद्धत उचलली आणि अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या लिंकन गावच्या आपल्या कारखान्यात राबवून दाखवली.

आता आपल्याकडे या. १९८० च्या दशकात जपानी कंपन्या इथे आल्या. पुण्याच्या बजाजनं कावासाकीशी करार केला आणि १९८६ मध्ये केबी-१०० रस्त्यावर आली. मी तेव्हा कॅप्टन होतो आणि ती घेतलीही. तिकडे होसूरला टीव्हीएसनं १९८२ मध्ये सुझुकीशी हात मिळवला. म्हैसूरहून नंजनगूडला येताना कडकोळजवळ टीव्हीएसचा जो मोठा कारखाना लागतो, तो याच घराण्यातला. २००१ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी टीव्हीएस आणि सुझुकी वेगळे झाले आणि टीव्हीएसनं स्वतः घडवलेली व्हिक्टर आणली. त्याच वर्षी बजाजची स्वतःची पल्सर आली. २००२ मध्ये टीव्हीएसला ते डेमिंग पारितोषिकही मिळालं.

याच म्हैसुरात, यादवगिरीला, आणखी एक कारखाना होता, आयडियल जावा. चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर तिथे १९६१ पासून मोटरसायकली बनू लागल्या. येझ्दी आठवते ना? गाडी दणकट होती, लोकांचं तिच्यावर प्रेम होतं, आजही आहे. पण इंजिनाचा मूळ आराखडा फारसा बदलला नाही आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. बंद पडण्याची कारणं अनेक, सगळा दोष एका गोष्टीला देता येणार नाही. आमची जोंगाही १९९९ पर्यंत जवळपास तशीच राहिली. मूळ कंपनी दरम्यान कितीतरी पुढे गेली होती.

म्हणजे ड्रॉइंग सगळ्यांनाच मिळालं. पण ते आज चुकलंय का, हे रोज विचारण्याची सवय ज्यांनी लावून घेतली, ते पुढे स्वतःचं ड्रॉइंग काढू शकले.

हे सगळं मी पुस्तकातून सांगतोय असं वाटेल. तसं नाही. एक गोष्ट मी आजवर कॅमेऱ्यासमोर बोललो नव्हतो.

मी डोंगराळ भागातल्या एका वर्कशॉपवर होतो. दोन दिवसांवर वार्षिक इन्स्पेक्शन होतं. गाड्यांना रंग, टायरला काळं पॉलिश, सगळं जोरात. एक तरुण मेकॅनिक माझ्याकडे आला, साताऱ्याकडचा पोरगा. म्हणाला, "साहेब, त्या एक टनीच्या ब्रेकच्या पाइपाला ओल दिसतेय. गाडी उभी ठेवायला पाहिजे." गाडी उभी ठेवली तर माझा 'चालू गाड्यां'चा आकडा घसरणार होता. मी म्हटलं, "लाइनीत लाव. इन्स्पेक्शन झालं की बघू." तो एकदा "पण साहेब" म्हणाला. मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो सॅल्यूट करून गेला.

इन्स्पेक्शन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी, कुणी बघायच्या आत, ती गाडी रेशन घेऊन निघाली. उतारावर ब्रेक लागला नाही. ड्रायव्हरनं गाडी डोंगराच्या अंगाला घातली म्हणून वाचला, पण त्याचा पाय मोडला आणि तो पुढे कायम लंगडत राहिला. कागदावर आलं 'अचानक तांत्रिक बिघाड'. तो अचानक नव्हता. तीन दिवस आधी एका पोरानं मला सांगितला होता. आणि खरं सांगायचं तर त्यानंतर तो पोरगा माझ्याकडे कधी काही सांगायला आला नाही. त्यानं बोलणं सोडलं याची मला जास्त भीती वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही.

अलीकडे आम्ही काही निवृत्त अधिकारी कर्नाटकातला एक दुचाकीचा कारखाना पाहायला गेलो होतो. लाइनीवर नंजनगूड तालुक्यातली एक मुलगी इंजिनाचे बोल्ट आवळत होती. वय असेल एकोणीस-वीस. एक बोल्ट बसताना तिला काहीतरी खटकलं. तिनं वरची दोरी ओढली. पिवळा दिवा लागला, लाइन थांबली. मी मनात म्हटलं, आता हिला बोलणी बसणार. सुपरवायझर आला, वाकून बोल्ट पाहिला. आटे खराब होते. तो म्हणाला, "ओळ्ळेदायितु." म्हणजे, बरं झालं. बोल्ट बदलला, लाइन सुरू झाली. मिनिटभराचं काम. आमच्यातल्या कुणाला त्यात विशेष काही वाटलं नाही. मी मात्र पुढचं काहीच धड पाहू शकलो नाही.

तेव्हा शेजारच्या मुला, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. ड्रॉइंगबरोबर मशीन येतं, इंजिनिअर येतात. खालच्या माणसाचं ऐकून घेण्याची तयारी मात्र जहाजातून येत नाही. ती आपण इथेच लावायची असते. तू उद्या कारखान्यात लागशील. तुझ्या हाताखाली चार जण असतील. त्यातला एक इन्स्पेक्शनच्या तोंडावर येईल आणि "सर, पण" म्हणेल. तेव्हा माझ्यासारखं नुसतं बघू नकोस. उठ आणि त्याच्याबरोबर गाडीपाशी जा.

पुढच्या भागात बोलू लष्कराच्या शक्तिमान ट्रकबद्दल. तोवर काळजी घ्या, आणि आपापल्या गाडीचे ब्रेक तपासून घ्या. जय हिंद.