मुंबईची बिनधुराची वाहने

विजेवर चालणारे वाहन मुंबईला नवे नाही. सव्वाशे वर्षांच्या आत या शहराने अशी चार वाहने पाहिली.

● ट्राम (१९०७–१९६४): १८७४ पासून घोडे ओढत असलेली ट्राम ७ मे १९०७ रोजी विजेवर धावू लागली. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर ही तिची अखेरची फेरी झाली.

● लोकल (१९२५ पासून): देशातील पहिली विजेची रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली. आजही शहराचा सर्वाधिक भार हीच वाहते.

● ट्रॉलीबस (१९६२–१९७१): रूळ नाहीत, चाके रबरी, वीज मात्र डोक्यावरच्या तारांतून. जेमतेम नऊ वर्षांत ही सेवा बंद पडली.

● बॅटरीवरील दुमजली बस (२०२३ पासून): ‘बेस्ट’ची ही वातानुकूलित बस फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डिझेलवरच्या जुन्या दुमजली बसने निरोप घेतला.

वीज वाचते कशी? वेग कमी करताना मोटरच जनित्राचे काम करते आणि गतीतील काही ऊर्जा पुन्हा बॅटरीत जाते. वारंवार थांबणाऱ्या बसला याचा मोठा लाभ होतो.

मर्यादा: रस्त्यावरचा धूर थांबतो, पण वीज कोळशाची असेल तर तो वीजकेंद्राच्या धुराड्यातून निघतो. टायर आणि ब्रेक झिजून उडणारे सूक्ष्म कणही उरतात. म्हणूनच सौर व पवन ऊर्जा आणि भक्कम सार्वजनिक वाहतूक यांची जोड अत्यावश्यक आहे.