पॉम्पेची राख, बोरीची राख

युरोपच्या सहलीत रोम पाहून आम्ही उभयता नेपल्समार्गे पॉम्पेला गेलो. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गाडले गेलेले हे शहर. ही म्हणाली, "अहो, राख तर आपल्या बोरी बुद्रुकलाही आहे!"

खरेच. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती सह्याद्रीची नव्हे. तीन हजार किलोमीटरहून दूर, सुमात्रातील टोबाच्या उद्रेकातून वाऱ्याने आलेली. तिथेच आदिमानवाची दगडी हत्यारेही सापडली. राख सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची की कितीतरी जुनी, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तिचे वय ठरले, की हत्यारांच्या काळाचाही अंदाज बांधता येतो.

परतल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही कुकडीकाठी गेलो. जन्मभर शेजारून गेलो होतो. थांबलो मात्र तेव्हाच.