आधी टाकी, मग कढई

जकार्ता : शहराच्या उत्तरेला तांजुंग प्रिओक बंदराकडे निघालात की पेट्रोलपंपांवर ट्रकची रांग दिसते. ही रांग ‘बायोसोलर’साठी असते. इथे डिझेललाच सोलर म्हणतात, सूर्याचा काही संबंध नाही. लिटरला ६,८०० रुपिया, म्हणजे आपले चाळीस रुपयेसुद्धा नाहीत. विनाअनुदान डिझेल याच्या जवळपास दुप्पट पडते. ड्रायव्हर मोबाइलवरचा क्यूआर कोड पुढे करतो, पंपावरची मुलगी तो स्कॅन करते आणि त्या गाडीचा दिवसाचा कोटा शिल्लक असेल तरच नळी टाकीत जाते. टाकीत पडणाऱ्या दर १०० लिटरमध्ये ४० लिटर पामतेलापासून केलेले बायोडिझेल असते. पंपाच्या कुंपणाबाहेर गोरेंगानची हातगाडी उभी असते. गोरेंगान म्हणजे तळलेले काहीही : केळ्याचे काप, टोफू, तेंपे, भाज्यांची भजी, आणि सोबत चावायला हिरवी मिरची. कढईत उकळत असते तेही पामतेलच.

जगातले निम्म्याहून अधिक पामतेल इंडोनेशिया या एका देशात निघते, वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात. तरीही कढई आणि टाकी यांचे भांडण इथे लागले. त्यात सरकारने आपले वजन बरेचसे टाकीच्या पारड्यात टाकले आहे.

डब्यातले तेल सरळ गाडीत ओतले की काम झाले, असे कुणाला वाटेल. खाद्यतेल डिझेलपेक्षा कितीतरी घट्ट असते. जुने इंजिन ते काही दिवस ओढून नेते, पण मग इंजेक्टरच्या भोकांवर काजळी धरते आणि पिस्टनच्या रिंगा चिकटतात. म्हणून कारखान्यात तेलात मिथेनॉल आणि थोडे अल्कधर्मी उत्प्रेरक मिसळून ते तापवतात. ग्लिसरीन सुटून तळाला बसते, वर पातळ बायोडिझेल राहते. ढोबळ हिशेब असा, की १०० किलो तेलाला १० किलो मिथेनॉल लागते आणि १०० किलो बायोडिझेल व १० किलो ग्लिसरीन हाती येते. पामतेलाच्या बायोडिझेलची एक खोड आहे : पारा १५ अंशांच्या खाली सरकला की ते गढुळायला लागते. जावाच्या मैदानात तेवढी थंडी पडतच नाही. पण पहाटे दहिवर गोठणाऱ्या दिएंगच्या पठारावर गाड्या मुद्दाम उभ्या ठेवून नंतर चालू होतात का, याच्या चाचण्या सरकारने करून घेतल्या. ट्रकवाल्यांची तक्रार वेगळी आहे. एका गॅरेजमालकाने मला नुकताच काढलेला डिझेल फिल्टर उलटा करून दाखवला. कागदाच्या घड्यांमध्ये बोटाला चिकटणारा तपकिरी साका होता. बायोडिझेल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवते, शिवाय हवेतले पाणी ओढते. त्यामुळे फिल्टर लवकर बदलावा लागतो. ॲव्हरेजही थोडे कमी पडते. ट्रकमालक तक्रार करतो आणि भरतो बायोसोलरच, कारण स्वस्त आहे.

हे सगळे एका दिवसात झाले नाही. २०१८च्या सप्टेंबरात २० टक्के मिश्रण सर्वांना सक्तीचे झाले, २०२०च्या जानेवारीत ३० टक्के, २०२३मध्ये ३५ टक्के आणि १ जानेवारी २०२५पासून ४० टक्के. इथल्या बोलीत बी-२०, बी-३०, बी-४०. राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो गेले, प्राबोवो सुबियांतो आले, आकडा मात्र चढताच राहिला. कधीकाळी तेल निर्यातदारांच्या ‘ओपेक’मध्ये बसणारा हा देश वीस-एक वर्षांपासून स्वतःच तेल आयात करतो, तेव्हा डिझेलवरचे डॉलर वाचवण्याचे आकर्षण समजण्यासारखे आहे. पण यामागचे दुसरे कारण मला अधिक वजनाचे वाटते. पामतेलाचे जागतिक भाव पडलेले असताना, २०१५मध्ये सरकारने एक निधी उभा केला. निर्यात होणाऱ्या दर टन कच्च्या पामतेलावर ५० डॉलर लेव्ही बसवली आणि त्या पैशातून बायोडिझेल व साधे डिझेल यांच्या किमतीतला फरक भरून काढायला सुरुवात केली. म्हणजे घरातच एक असे गिऱ्हाईक तयार केले, जे भाव पडला तरी माल उचलणारच. हवामानबदलाची भाषणे नंतर आली. पामतेलाचा भाव सावरणे हे या योजनेचे खरे काम, आणि ते काम तिने चोख बजावले.

पैशाचे गणित मात्र दरवर्षी अवघड होत चालले आहे. मिश्रण वाढले की देशात जाळायचे तेल वाढते, निर्यात घटते. लेव्ही निर्यातीवर मिळते. म्हणजे खर्च वाढतो तसा उत्पन्नाचा झरा आटतो. मे २०२५मध्ये लेव्ही साडेसात टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर न्यावी लागली. त्या वर्षीच्या १.५६ कोटी किलोलिटर बायोडिझेलपैकी निम्म्यालाच निधीतून मदत ठेवली, उरलेल्याचा भार विनाअनुदान डिझेल घेणाऱ्या कारखान्यांवर आणि खाणींवर टाकला. लेव्ही कागदोपत्री निर्यातदार भरतो, पण तो ती खिशातून थोडीच घालतो? गिरणीच्या दारात फळांचे घड घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या भावातून ती वळती होते. देशातल्या पामलागवडीपैकी सुमारे ४० टक्के क्षेत्र अशा लहान शेतकऱ्यांचे आहे.

कढईचे हाल पाहायचे असतील तर २०२२कडे जावे लागते. जगभर खाद्यतेलाचे भाव भडकले होते. जानेवारीत सरकारने खाद्यतेलाला लिटरला १४,००० रुपियांची मर्यादा घातली आणि तेल दुकानांतून नाहीसे झाले. जगातल्या सर्वात मोठ्या पामतेल उत्पादक देशात बायका तेलाच्या एका पाकिटासाठी पहाटेपासून रांगा लावत होत्या. मार्चमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष मेगावती सुकार्णोपुत्री यांनी विचारले, की या बायका रोज तळतातच का, उकडून-वाफवून खाता येत नाही? उंटावरून शेळ्या हाकणे ते हेच. टीका इतकी झाली, की त्यांच्या पक्षाला तेलाशिवाय स्वयंपाकाचे प्रात्यक्षिक भरवावे लागले. एप्रिलमध्ये निर्यात परवान्यांच्या प्रकरणात व्यापार मंत्रालयाच्या एका महासंचालकांना अटक झाली आणि २८ एप्रिलपासून पामतेलाची निर्यातच बंद केली गेली. आठवड्याभरात फळे गिरण्यांच्या दारात सडू लागली, शेतकरी रस्त्यावर आले आणि २३ मे रोजी बंदी उठली. या सगळ्या काळात मिश्रणाचा आकडा ३० टक्क्यांवरून एका टक्क्यानेही खाली आणला गेला नाही.

त्यानंतर गरिबांसाठी ‘मिन्याकिता’ हे नियंत्रित भावाचे तेल आले. आता त्याचा कमाल भाव लिटरला १५,७०० रुपिया आहे. मार्च २०२५मध्ये खुद्द कृषिमंत्री जकार्ताच्या बाजारात गेले आणि एक लिटर छापलेल्या पाकिटांत ७५०-८०० मिलिलिटरच तेल निघाले. मापात पाप करणारे आपल्याकडेही काही कमी नाहीत, पण मंत्र्यासमोर माप ओतून दाखवायची वेळ क्वचितच येते.

आता वापरलेल्या तेलाकडेही सरकारचे लक्ष गेले आहे. त्याला इथे जलांता म्हणतात. तळून काळे झालेले हे तेल गोळा करणारे घरोघरी फिरतात. युरोपात टाकाऊ तेलापासूनच्या इंधनाला सवलती असल्यामुळे जलांताला परदेशात मागणी आहे, इतकी की ताजे पामतेलच वापरलेले म्हणून खपवले जात असल्याचा संशय युरोपीय कंपन्या घेत आल्या आहेत. जानेवारी २०२५मध्ये सरकारने त्याच्या निर्यातीला लगाम घातला. ऑगस्टमध्ये पेलिता एअरचे एक विमान जकार्ताहून बालीला गेले, तेव्हा त्याच्या इंधनात चिलाचाप रिफायनरीत जलांतापासून काढलेले तेल मिसळलेले होते. या साऱ्या खटाटोपात मला पटणारा भाग हाच. गटारात जाणारे किंवा तिसऱ्यांदा कढईत पडणारे तेल उडून गेले तर कुणाच्या ताटातले काही जात नाही.

पामसाठी होणाऱ्या जंगलतोडीचा प्रश्न इथे विचारला की माणसे चिडतात. त्यामागे युरोपचा इतिहास आणि पामतेलावरचे युरोपचे निर्बंध आहेत, तेव्हा चिडण्यात तथ्यही आहे. पण २०१५मध्ये इथे लागलेल्या वणव्यांत २६ लाख हेक्टर जमीन जळाली आणि सुमात्रा-कालिमंतानवरचा धूर सिंगापूरपर्यंत गेला, तेही तितकेच खरे. पाम हेही झाडच, त्यालाही पाने असतात, तेव्हा जंगलतोडीची भीती बाळगू नका, असे राष्ट्राध्यक्ष प्राबोवो २०२४च्या डिसेंबरात म्हणाले. दलदलीचे जंगल आणि एका ओळीत लावलेला पामचा मळा यांतला फरक इथल्या शाळकरी मुलालाही कळतो. तो राष्ट्राध्यक्षांना कळत नसेल असे मला वाटत नाही.

पुण्या-नाशकात बसून हे वाचणाऱ्याचा यात काय संबंध? भारत खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागवतो, त्यात पामतेल मोठे आणि त्यातही इंडोनेशियाचा वाटा मोठा. फरसाणवाला, हॉटेलवाला, बिस्किटांचा कारखाना यांची कढई याच तेलावर चालते. बी-४०ची चाहूल लागली तसे २०२४च्या अखेरीस पामतेल सोयाबीन तेलापेक्षा महाग झाले, एरवी ते स्वस्त असते. जानेवारी २०२५मध्ये भारताची पामतेल आयात कित्येक वर्षांच्या नीचांकावर आली. आता जकार्तात बी-५०ची भाषा चालू आहे आणि गाड्यांवर चाचण्याही झाल्या आहेत. आजच्या खपावर हिशेब मांडला तर ४०चे ५० करायला वर्षाला आणखी सुमारे ३९ लाख किलोलिटर बायोडिझेल लागेल, म्हणजे जवळपास ३४ लाख टन तेल. तेव्हा पुढच्या दिवाळीत तेलाचा डबा महागला आणि दुकानदाराने वायदेबाजाराकडे बोट दाखवले, तर जकार्तात ‘बी’च्या पुढे कोणता आकडा लागला आहे, तेही बघा.