बियाण्याचे लेबल पाहता, मग मोबाईलवरच्या मेसेजचे का नाही?

खरीप जवळ आला की आपण बियाण्याच्या दुकानात उभे राहतो. पिशवी उलटीपालटी करून लेबल वाचतो. लॉट नंबर कोणता, उगवणशक्ती किती, मुदत कधीपर्यंत? पक्के बिल मागतो. पिशवी अन् लेबल हंगाम संपेपर्यंत जपून ठेवतो. एकदा पेरलेले परत वेचता येत नाही, हे आपल्याला पक्के ठाऊक असते.

मोबाईलवर आलेल्या मेसेजला मात्र आपण यातले काहीच विचारत नाही. आला की पाहतो, पाहिला की पुढे ढकलतो. ज्या ग्रुपवर सकाळी बोंडअळीचा सल्ला येतो, त्याच ग्रुपवर संध्याकाळी युद्धाचा, दंगलीचा, नाहीतर मुले पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ येतो. म्हणून कृषी विभागातल्या माणसालाही या विषयावर लिहावे लागते.

राईनपाडा विसरू नका

दूर जायला नको. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी १ जुलै २०१८ रोजी काय घडले ते आठवा. रविवार होता, आठवडे बाजार भरला होता. मंगळवेढा तालुक्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी गावात आले. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून पोट भरणारी ही माणसे. त्याआधी कित्येक दिवस मुले पळवणारी टोळी फिरते, असे मेसेज त्या भागात फिरत होते. कुणीतरी संशय घेतला, बघता बघता जमाव जमला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत डांबून ठेचून मारण्यात आले. टोळी वगैरे काही नव्हती.

पुढे काय झाले तेही लक्षात ठेवा. गावातल्या अनेकांना अटक झाली. ऐन पेरणीच्या दिवसांत पुरुष माणसे गाव सोडून गेली. तिकडे पाच घरांचा कर्ता पुरुष गेला, इकडे कित्येक घरे कोर्टकचेरीत अडकली.

आता त्या मेसेजमधले फोटो पाहू. त्या काळात या भागात फिरलेल्या एका व्हिडिओत ओळीने ठेवलेली मेलेली मुले होती. किडन्या काढून टाकलेली मुले, असे सोबत सांगितले जात होते. प्रत्यक्षात तो फोटो सीरिया देशातल्या युद्धाचा होता. २०१३ मध्ये घौटा भागात झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यात ती मुले दगावली होती. २०१८ सालीच देशभर फिरलेल्या दुसऱ्या एका व्हिडिओत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेतात. तो पाकिस्तानातल्या कराचीत, मुलांची काळजी घ्या हे सांगण्यासाठी तयार केलेला होता. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात अन् सूचनेचा फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापून टाकला.

म्हणजे पाहा, मुलांचा फोटो खरा, मुले खरोखर मेलेली. खोटे होते ते फोटोखालचे नाव-गाव.

कामगंध सापळ्यासारखीच युक्ती

कपाशीवाल्यांना कामगंध सापळा सांगायला नको. सापळ्यात मादी नसते, फक्त तिच्या वासाची गोळी असते. नर पतंग वासावर येतो अन् अडकतो. भडकावू मेसेज बनवणाराही अशीच गोळी लावतो. गोळ्यांचे प्रकार ठरलेले आहेत, ते ओळखायला शिका.

पहिली गोळी भीतीची : ‘आपली मुले’, ‘आपल्या आयाबहिणी’ असा शब्द आला की विचार थांबतो अन् हात उठतो.

दुसरी गोळी घाईची : ‘ताबडतोब सगळ्या ग्रुपवर टाका’, ‘डिलीट होण्याआधी पाहा’. खऱ्या बातमीला एवढी घाई नसते. तुम्ही विचारपूस करण्याआधी मेसेज पुढे जावा, हाच घाईचा हेतू.

तिसरी गोळी उसन्या अधिकाराची : ‘पोलिसांनी कळवले आहे’, ‘सैन्यातल्या मित्राने सांगितले’. कोणते ठाणे, कोणती तारीख, आदेशाचा क्रमांक काय, यातले काहीच नसते.

चौथी गोळी ‘आपण’ अन् ‘ते’ अशी : एखाद्याचे वागणे संपूर्ण समाजावर, धर्मावर, नाहीतर परप्रांतीयांवर ढकलायचे. एका बोंडात अळी सापडली म्हणून कुणी सगळे शेत उपटते का?

पाचवी गोळी आनंदाची : ही सर्वात लबाड. शत्रूचे अमुक शहर बेचिराख झाले, असे वाचून छाती फुगते अन् तपासायचे राहून जाते.

मे २०२५ मधला अनुभव

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत या पाचही गोळ्या एकदम बाजारात आल्या. गुजरातच्या हजिरा बंदरावर हल्ला झाला म्हणून एक व्हिडिओ फिरला. हजिरा म्हणजे सुरतेला लागूनच. आपल्या जिल्ह्यातली किती माणसे कामधंद्यासाठी सुरतेकडे जातात! घरच्यांच्या जिवाचे काय झाले असेल, विचार करा. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेक विभागाने तपासले, तेव्हा तो व्हिडिओ जुलै २०२१ मधल्या एका तेलाच्या टँकरच्या स्फोटाचा निघाला. जालंधरवर ड्रोनहल्ला म्हणून फिरलेला व्हिडिओ शेतातल्या आगीचा होता. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, हा मेसेजही खोटा ठरला. उलट बाजूने, कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे काही वृत्तवाहिन्यांनीसुद्धा सांगून टाकले. तेही खरे नव्हते.

तेव्हा टीव्हीवर दिसले म्हणजे खरेच, असेही धरून चालू नका.

मेसेजचे लेबल कसे वाचावे?

१) लॉट नंबर : हे मूळ कोणी टाकले? ‘ग्रुपवर आले’ हे उत्तर नव्हे. मेसेजवर दोन बाण दिसले तर तो किमान पाच हातांतून फिरत आला आहे, असे समजा.

२) तारीख : घटना कधीची? बोली कोणती, दुकानाच्या पाट्या कोणत्या लिपीत, गाडीचा नंबर कुठल्या राज्याचा, हे व्हिडिओ थांबवून पाहा.

३) उगवणशक्ती : दुसरीकडे हीच बातमी आहे का? वर्तमानपत्र, आकाशवाणी किंवा पोलिसांचे अधिकृत निवेदन पाहा. गावातल्या शिकलेल्या पोरांना गुगल लेन्सवर फोटो शोधायला सांगा. जुना फोटो बहुतेक वेळा दोन मिनिटांत सापडतो.

४) हेतू : हा मेसेज मला काय करायला लावतो आहे? कुणाला मारा, कुणाशी व्यवहार तोडा, कुणाला गावात घेऊ नका, असे सांगत असेल तर तिथेच थांबा.

शंका राहिली तर पुढे पाठवू नका. मेसेज एक रात्र पडून राहिला तर कुणाचे पीक बुडत नाही. खरोखर तातडी वाटली तर ११२ वर फोन करा. ग्रुपवर टाकल्याने मदत येत नाही, गर्दी येते.

गाव कारभाऱ्यांनी काय करावे?

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) यांच्यावर मोठी जबाबदारी आहे. लोणखेडा, शहादा परिसरात बाहेरची माणसे नवीन नाहीत. पपईच्या हंगामात परप्रांतातले व्यापारी अन् ट्रकवाले येतात. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेवाले येतात. मेंढपाळ, बहुरूपी, भिक्षेकरी येतात. यांच्यावरच आपला बाजार अन् आपली परंपरा चालते. अनोळखी दिसला म्हणून तो चोर होत नाही.

अफवा कानावर आली की पोलीस पाटलांनी लगेच ठाण्याला कळवावे. ठाण्याचे उत्तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावे, दवंडी किंवा भोंग्यावरून सांगावे, ग्रुपवरही टाकावे. संशयित वाटलेल्या माणसाला गर्दीपासून दूर, सुरक्षित जागी बसवावे अन् पोलीस येईपर्यंत चार जबाबदार माणसांनी दारात उभे राहावे. राईनपाड्याची घटना घडली त्याच दिवशी मालेगावातही एका कुटुंबाला जमावाने घेरले होते. त्यांच्यात लहान मूलही होते. तिथे स्थानिकांनी अन् पोलिसांनी मध्ये पडून त्यांना वाचवले. म्हणजे वाचवता येते.

कायदाही ध्यानात असू द्या. घबराट पसरवण्याच्या हेतूने अफवा पसरवणाऱ्याला, ती मोबाईलवरून पसरवली तरी, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बेकायदा जमावात सामील झालेला माणूसही ‘मी हात लावला नाही’ म्हणून सुटेलच असे नाही.

येत्या ग्रामसभेत हा विषय जरूर घ्या. दहा मिनिटे पुरेत. एखादा फिरलेला खोटा व्हिडिओ सगळ्यांना दाखवा अन् वरचे चार प्रश्न त्याला लावून बघा. बोगस बियाण्याने एक हंगाम जातो, नुकसानभरपाई तरी मागता येते. बोगस मेसेजने गेलेला जीव कोणत्या पंचनाम्याने परत येणार?